मागच्या बाजूला, बारीक अक्षरात

गिटार आधी आली, माणूस मागून.
चोर्ल्याच्या घाटात गाडीत आपटलेली,
पाठीला वीतभर चीर.
शहापूरच्या माझ्या दुकानात तंबोरे येतात,
पेटीचे फुटके भाते,
कधी कॅम्पातल्या चर्चचं एखादं व्हायोलिन.
ब्राझीलचं काही आलं नव्हतं.

माणूस सत्तरीचा, नाव आदेमार.
तो पोर्तुगीज बोले, मिंगेलकाका त्याचं कोकणी करत,
कोकणीचं मराठी माझ्या कानात आपोआप होई,
आणि मी बसूला कन्नडात सांगे, सरस तापव.
एवढ्या भाषा ओलांडून
शेवटी सरस तेवढा तापला.

वाद्य उघडणाऱ्याला चरित्र सांगावं लागत नाही.
वरच्या कडेचं पॉलिश कोपरानं खाल्लेलं:
हा उभ्यानं कधी वाजवलेला नाही, बसून, मागच्या रांगेत.
पहिल्या तीन पडद्यांखाली खड्डे,
बाराव्याकडं लाकूड कोरं:
एकट्यानं वाजवलेलं थोडं, साथ फार.
पोटावर सिगारेटचा डाग.
"बेलेम, सर्कशीचा बँड. वय चौदा.
सिगारेट माझी नव्हे, ट्रॉम्बोनवाल्याची."
एक खुंटी वेगळ्याच लाकडाची.
"हॉटेल. सात वर्षं. मालकाच्या पोरानं तोडली,
मालकानं पगारातून कापली."

मग रिओ. स्टुडिओ. तिथं म्हणे तो अरेंजर झाला.
अरेंजर म्हणजे काय?
मिंगेलकाका कोकणीत शब्द धुंडाळत बसले,
तेवढ्यात म्हाताऱ्यानंच हात पसरून दाखवलं:
कोण कुठं बसणार, कुणाला आधी द्यायचं,
बासरी केव्हा उठणार,
व्हायोलिनांनी कुठवर गप्प राहायचं.
पंगतीतला वाढपी की, मी म्हटलं.
"होय," काका म्हणाले, "खरं जेवायला शेवटी."

तीनशे रेकॉर्डी. फोनवर एक जाकीट दाखवलं:
पुढं एक बाई, समुद्र, पिवळी टोपी.
हा मागच्या बाजूला, बारीक अक्षरात,
छापखान्याच्या पत्त्याखाली.
तेही चुकलेलं. आदेमारचं आदेल्मो.
दुरुस्त का करून घेतलं नाही?
तो माझ्या दुकानाच्या पाटीकडं बघत राहिला.
पाटी तीनदा रंगवलेली: वर मोठं कन्नड,
खाली मराठी, आणि तिरपं ऊन आलं
की दोन्हींच्या आतून
आजोबांच्या वेळची अक्षरं, अर्धी.
त्याला त्यातलं काही वाचता येत नव्हतं.

पाठीचं लाकूड त्यांच्याकडचं शिसवी.
आता तोडायला बंदी.
माझ्याकडं खानापूरच्या जुन्या पलंगाचा पाय होता,
त्यातून पट्टी काढली, हुंगली.
त्यानंही हुंगली.
"चुलत," असं काहीसं म्हणाला.
रंग जरा गडद बसला. लपवू का?
नको.

संध्याकाळी तारा चढवल्या. वाजवू लागला.
छान होतं, खरं मला काहीतरी चुकल्यासारखं:
गाणं आता सुरू होईल, आता होईल,
आणि गाणारा येतच नाही.
बसू दारात, ब्रशातला सरस त्याच्या पायावर ठिबकतोय.
मग वीज गेली. गल्लीतले माग एकदम थांबले.
तो थांबला नाही, हात हलका केला,
मागांची जागा राखून ठेवल्यागत.

जाताना पावतीच्या पाठीवर पाच रेघा ओढून
काही लिहून गेला.
मला त्या पाच रेघा येत नाहीत.
पलटणीच्या बँडातले हवालदार मोटणकर आले,
त्यांना दाखवलं.
चष्मा वरखाली करत म्हणाले,
ही दुसऱ्या गिटारीची बाजू. पहिली कुठाय?
एवढीच आहे.
"मग हिच्यावर वाजवायचं काय?"

कागद खुंटीला अडकवलाय.
वाऱ्यानं उलटतो तेव्हा बिल दिसतं:
सरस, पट्टी, तारा सहा.
मजुरीपुढं मी साडेतीनशे लिहिले होते.
त्यानं ते खोडून
स्वतःच्या शाईनं दुरुस्त केलेत,
वाढवून.